चार, सात, दोन

“चार, सात, दोन.” बाईंनी एकेक आकडा सावकाश, एका सुरात म्हटला आणि त्या थांबल्या. भाऊने लगेच म्हणून दाखवलं, “चार, सात, दोन.” मग चार आकडे आले. तेही जमले, पण दुसऱ्या खेपेला. पाच आकड्यांना मात्र तो मधेच अडला, खिडकीबाहेर बघत राहिला आणि मग त्याने आईचा पदर धरला. बाईंनी समोरच्या कागदावर खूण केली.

भाऊ आमच्या केडगावचा, आमच्याच आळीतला. वय बावीस. पहाटे मामाच्या मोटारसायकलवर मागे बसून दुधाचा रतीब घालायला जातो, दुपारी ओट्यावर बसतो, नवरात्रात देवीच्या वाटेवर दिवसभर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देतो. त्याचं प्रमाणपत्र काढायचं होतं, म्हणून वहिनींबरोबर, म्हणजे त्याच्या आईबरोबर, मी नगरला चाचणी घेणाऱ्या बाईंकडे गेलो होतो. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व लिहून आलं की बऱ्याचशा सवलतींचं दार उघडतं. ते टक्के कुठून येतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. एका बाजूला टेबलावर ठोकळे, चित्रं, मणी आणि आकडे. दुसऱ्या बाजूला बावीस वर्षं जगलेला एक माणूस.

घरी आल्यावर त्या पाच आकड्यांनी मला झोपू दिलं नाही. हे आकडे म्हणायला लावण्याची युक्ती शंभराहून जास्त वर्षं जुनी आहे. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ या दोघांनी तीस छोट्या कसोट्यांची एक मोजपट्टी बनवली. शाळेत मागे पडणारी मुलं वेळीच ओळखावीत आणि त्यांना वेगळं, सावकाश शिकवावं, एवढाच त्यामागचा हेतू होता. पुढे १९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची कल्पना मांडली. दहा वर्षांचं मूल सात वर्षांच्या मुलाइतकीच उत्तरं देत असेल, तर सात भागिले दहा, आणि त्याला शंभराने गुणून सत्तर. सुरुवातीला बुद्ध्यंक म्हणत तो हाच. बिने स्वतः १९११ मध्येच वारले होते. बुद्धी म्हणजे जन्मभर न हलणारी ठरीव वस्तू आहे, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी विरोध केला होता.

ही मोजपट्टी आपल्याकडे कशी आली, ती हकीकत मला फार आवडते. धारवाडमध्ये व्ही. व्ही. कामत नावाच्या शिक्षणतज्ज्ञांनी ती कन्नड आणि मराठी मुलांसाठी नव्याने बसवली. परदेशी मुलाला जे चित्र ओळखीचं, ते इथल्या मुलाला परकं असणार, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४० मध्ये निघालं. ‘बिने-कामत कसोटी’ हे नाव आजही देशभरातल्या दवाखान्यांत ऐकू येतं. दुसरं नाव नागपूरचं. तिथे आर्थर मालिन यांनी मुलांची बुद्धिमापन चाचणी तर भारतीय केलीच, शिवाय ‘व्हाइनलँड’ नावाची सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टीही इथल्या घरांना लागू होईल अशी केली. ही दुसरी मोजपट्टी मुलाला काही विचारतच नाही, ती आईला विचारते. मान सावरतो का? हाताने जेवतो का? शेजारपाजारी एकटा जातो का? पैसे दिले तर सांभाळतो का? एका बाजूला धारवाड, दुसऱ्या बाजूला नागपूर, आणि मधल्या मुलखातल्या कितीतरी भाऊंची आयुष्यं या दोन कागदांवरून टक्क्यांत उतरली आहेत.

पाच आकडे म्हणणं इतकं अवघड का असावं? कारण त्या आकड्यांना धरायला काहीच नसतं. ना चेहरा, ना दार, ना वास. चार या आकड्याचा सातशी काही संबंध नाही, सातचा दोनशी नाही. नुसत्या हवेत ते धरून ठेवायचे आणि परत द्यायचे. मेंदूचं हे एक खास काम आहे आणि ते मोजण्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होतं, जेव्हा एवढ्याला आपण संपूर्ण माणूस समजतो.

त्याच आठवड्यात मी डॅनियल कीज यांची ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’ पुन्हा काढली. तरुणपणी वाचली होती तेव्हा ती विज्ञानकथा वाटली होती. कीज ब्रुकलिनमधल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. मागे पडलेल्या मुलांच्या खास वर्गातल्या एका मुलाने त्यांना विचारलं होतं, की मी खूप अभ्यास करून हुशार झालो तर मला साध्या वर्गात घालाल का. त्या प्रश्नाने कीज यांना सोडलं नाही. १९५९ च्या एप्रिलमध्ये एका मासिकात कथा आली, पुढच्या वर्षी तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि १९६६ मध्ये तिची कादंबरी झाली. एका संपादकाने शेवट गोड करायला सांगितला होता. कीज बधले नाहीत.

गोष्ट चार्ली गॉर्डनची. वय बत्तीस, बुद्ध्यंक ६८, बेकरीत झाडलोट आणि पडेल ते काम. अल्जर्नन हा प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर. त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आहे आणि तो भूलभुलैयातून चार्लीच्या आधी बाहेर पडतो. चार्लीला वाटतं, उंदराला जमतं ते मलाही जमावं. त्याच्यावर तीच शस्त्रक्रिया होते. बुद्ध्यंक १८५ वर जातो. ज्या डॉक्टरांपुढे तो मान खाली घालायचा त्यांच्या चुका तो काढू लागतो. मग एक दिवस अल्जर्नन बिथरतो, आणि आपलं पुढे काय होणार याचं गणित चार्ली स्वतःच मांडतो.

सगळं पुस्तक चार्लीने लिहिलेल्या अहवालांचं आहे. सुरुवातीला शब्दागणिक चुका, मग हळूहळू शुद्ध, मग विद्वानाची भाषा, आणि नंतर पुन्हा उतरण. मराठीत हे करायचं तर कसं होईल, याचा मी बरेच दिवस विचार केला. इंग्रजीत स्पेलिंग मोडतं. आपल्याकडे आधी जोडाक्षर मोडेल. ‘प्रयोग’चा ‘परयोग’ होईल, ‘डॉक्टर’चा ‘डाकटर’. रफार आपली जागा सोडून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसेल, ऱ्हस्व-दीर्घ सगळेच एका मापाचे होतील. मग एका सकाळी एक रफार जागेवर आलेला दिसेल आणि वाचणाऱ्याच्या छातीत धस्स होईल, कारण माणूस बदलायला लागला हे त्या एवढ्याशा टिंबाएवढ्या खुणेवरून कळेल. उतरणीला लागल्यावर पहिल्यांदा हातातून सुटेल तो बहुतेक रफारच. माणसाची बुद्धी गेली असं सांगणं सोपं आहे. ती जाताना अक्षरांत दाखवणं ही किमया आहे, आणि या कादंबरीइतक्या ताकदीने ती केलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पहिल्या वाचनात एक बारीक तपशील माझ्या नजरेतून निसटला होता. शस्त्रक्रियेची परवानगी डॉक्टर चार्लीच्या बहिणीकडून घेतात. चार्ली तयार असतो, उतावीळच असतो. पण तो कशाला तयार आहे? हे टिकेल की नाही, ते डॉक्टरांनाच ठाऊक नसतं. ‘हुशार होशील’ एवढंच त्याच्या मनात बसलेलं असतं. आणि हुशार व्हावंसं कुणाला वाटत नाही, विशेषतः ज्याला सगळे हसतात त्याला?

आता खरा उंदीर. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जो त्सियेन यांच्या गटाने मेंदूतल्या एका जनुकाची जास्तीची प्रत घालून उंदीर तयार केले. आठवणी पक्क्या करणाऱ्या मेंदूतल्या ग्राहकांचा (रिसेप्टरांचा) एक भाग हे जनुक बनवतं. हे उंदीर पाण्याखाली लपलेला पाट लवकर शोधायचे, पाहिलेली वस्तू जास्त दिवस लक्षात ठेवायचे. टीव्हीवरच्या एका पोरवयातल्या डॉक्टरच्या नावावरून त्यांना ‘डूगी’ म्हणू लागले. त्यांची बातमी जगभर छापून आली. दोनच वर्षांनी दुसऱ्या एका प्रयोगशाळेने दाखवलं, की या उंदरांना जखमेनंतरचं दुखणं साध्या उंदरांपेक्षा जास्त काळ आणि जास्त तीव्र जाणवतं. शिकण्याचं आणि दुखण्याचं यंत्र मेंदूत काही अंशी एकच आहे. लक्षात राहतं, तसं दुखणंही राहतं. हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

पण सगळ्यात विलक्षण गोष्ट उंदराची नाही, एका मुलीची आहे, आणि ती कीज यांच्या कथेच्या कितीतरी आधीची आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात १९५१ मध्ये दोन वर्षांची शीला दाखल झाली. नाव ऐकून आपल्या घरातलीच वाटावी. तिला उभं राहता येत नव्हतं, कुणाकडे पाहत नव्हती, डोकं आपटायची. तिला फिनाइलकीटोन्यूरिया होता. प्रथिनांमध्ये फिनाइलअॅलनिन नावाचा एक घटक असतो. तो पचवणारं विकर काही बाळांच्या यकृतात नीट काम करत नाही. मग तो रक्तात साठत जातो आणि वाढत्या मेंदूची नासाडी करतो. हा आजार १९३४ मध्ये नॉर्वेच्या आस्ब्यर्न फॉलिंग यांनी ओळखला होता, तोही एका आईच्या हट्टामुळे. तिची दोन्ही मुलं मंद होती आणि त्यांच्या लघवीला विचित्र वास येतो म्हणून ती दारोदार फिरली होती. फॉलिंगनी त्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले आणि ती हिरवी झाली.

शीलाची आईही तशीच. ‘यावर उपाय नाही’ हे उत्तर तिने घेतलंच नाही. ती रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहायची. शेवटी हॉर्स्ट बिकेल या तरुण डॉक्टरने सहकाऱ्यांबरोबर थंड खोलीत कोळशातून गाळून गाळून असं अन्न केलं, ज्यात तो घटक नव्हता. काही महिन्यांत शीला रांगायला लागली, मग उभी राहिली, डोळ्यांत चमक आली, डोकं आपटणं थांबलं. गोळी नाही, शस्त्रक्रिया नाही, ताटातून एक गोष्ट काढून घेतली एवढंच! मंदत्व ‘नशिबाचं’ नसतं, कधी कधी ते रसायनाचं असतं आणि रसायन बदलता येतं, हे इतकं लख्ख दिसलं ते तेव्हा.

आणि मग बिकेलना पुरावा हवा होता. आईच्या प्रेमळ डोळ्यांना सुधारणा भासत असेल तर? त्यांनी तो काढून घेतलेला घटक शीलाच्या अन्नात पुन्हा मिसळला. आईला न सांगता. काही तासांत मुलगी रडायला लागली, आणि एका दिवसात महिनोन्‌महिन्यांची कमाई गेली. आईने ते लगेच ओळखलं. पुढे आईच्या संमतीने हाच प्रयोग रुग्णालयात पुन्हा झाला, त्याचं चित्रीकरण झालं, १९५३ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि जगाचा विश्वास बसला. त्यानंतरच्या दशकात रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब कागदावर घेऊन तपासायची रीत शोधली. गथ्रींचा स्वतःचा मुलगा बौद्धिकदृष्ट्या अक्षम होता. आज अनेक देशांत प्रत्येक बाळाचा हा थेंब घेतात. आपल्याकडे गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली. ज्या मुलांचा मेंदू यामुळे वाचला, त्यांची मोजदाद करणं अशक्य आहे. शीलाला मात्र उशीर झाला होता. तिचं जे आधीच गेलं होतं, ते पूर्ण परत आलं नाही.

बिकेलना मी खलनायक म्हणू शकत नाही. त्यांच्यामुळे हजारो मुलं वाचली. पण चोरून मिसळलेली ती पावडर मला विसरताही येत नाही. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच डॉक्टरच्या हातचं आहे.

त्याच काळात अमेरिकेत याहून काळं काहीतरी चाललं होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या फर्नाल्ड शाळेत मतिमंद ठरवलेल्या मुलांना १९४६ ते १९५३ या काळात किरणोत्सारी लोह आणि कॅल्शियम घातलेली ओटची लापशी खायला दिली गेली. शरीर ही खनिजं कशी शोषतं, ते पाहायचं होतं. मुलांना ‘सायन्स क्लब’चे सभासद केलं, भेटी दिल्या, सहलीला नेलं. पालकांना गेलेल्या पत्रात सकस आहाराचा उल्लेख होता, किरणोत्साराचा नव्हता. आणि हे न्यूरेम्बर्गमधल्या नाझी डॉक्टरांच्या खटल्याच्या निकालानंतरही चालू राहिलं. त्या निकालातून आलेल्या १९४७ च्या संहितेचा पहिलाच नियम असा, की ज्याच्यावर प्रयोग होणार त्याची स्वखुशीची संमती हवीच. निवड कुणाची होते, ते पाहा. एका जागी ठेवलेली, मोजायला सोपी आणि तक्रार न करणारी माणसं. तक्रार केली तरी ज्यांची दाद कुणी घेणार नाही, अशी.

हे सगळं दूरदेशीचं म्हणून सोडून देता आलं असतं. पण केडगावातून पुण्याच्या रस्त्याला लागलं, सुपं मागे पडलं आणि घोडनदीचा पूल ओलांडला की शिरूर. जेमतेम पन्नास किलोमीटर. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या दहाहून अधिक मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. त्या आजारी नव्हत्या. त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही आणि अत्याचार झाला तर गरोदरपणाचा धोका आहे, ही कारणं दिली गेली. स्त्री-संघटना, अपंगांसाठी काम करणारे लोक आणि काही डॉक्टर रस्त्यावर उतरले, पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. दुसऱ्या बाजूने बोलणारेही होते. त्यांत अशा मुलींना घरी सांभाळणारे पालक होते, आणि त्यांचा थकवा खोटा नव्हता. पण गर्भाशय काढल्याने पाळी थांबते, अत्याचार थांबत नाही. उलट त्याचा मागमूस उरत नाही. माझ्या मनात हे तेव्हाच पक्कं बसलं आणि आजही हललेलं नाही.

तो प्रयोग नव्हता, हे मला मान्य आहे. तरी चार्लीच्या बहिणीची सही, शीलाच्या अन्नात मिसळलेली पावडर आणि शिरूरच्या मुली यांच्यात एक धागा आहे. ज्याच्या शरीराचा प्रश्न, त्याला सोडून निर्णय बाकीच्यांनी घेतला.

मला खरं आश्चर्य पुढच्या गोष्टीचं वाटतं. हे बदललं, आणि ते कायद्याच्या कोरड्या भाषेत बदललं. २००९ मध्ये चंदीगडच्या सरकारी आश्रयगृहातली एक अनाथ तरुणी अत्याचारातून गरोदर राहिली. तिचं मानसिक वय नऊ वर्षांच्या आसपास, असं तज्ज्ञांनी लिहिलं होतं. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तिची संमती नसताना गर्भपात करता येणार नाही. मग आला २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा. मूल होण्याची क्षमताच जाईल असा कोणताही वैद्यकीय उपाय त्या व्यक्तीच्या मुक्त आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येणार नाही, असं त्याचं दहावं कलम सांगतं. शिरूरच्या मुलींना बावीस वर्षं उशिरा मिळालेलं ते उत्तर आहे. आणि सहावं कलम तर मी तीनदा वाचलं. दिव्यांग माणसावर संशोधन करायचं असेल तर त्याची संमती त्याला कळेल अशा रीतीने, अशा माध्यमातून घ्यायची. शिवाय एका समितीची परवानगी लागणार, आणि त्या समितीतले किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या संघटनांचे हवेत.

म्हणजे चार्लीला समजावणं हे चार्लीचं काम नाही, डॉक्टरचं आहे. चित्रं काढा, खेळ करून दाखवा, दहा वेळा सांगा, उद्या पुन्हा विचारा. कळलं नाही तर सांगणाऱ्याची भाषा कमी पडली. बिनेच्या टेबलावर एकाच बाजूची परीक्षा होत होती. हे कलम दुसऱ्या बाजूलाही परीक्षेला बसवतं.

त्या दिवशी नगरला शेवटी बाई वहिनींकडे वळल्या. त्यांचा आवाज बदलला, घरच्यासारखा झाला. “जेवतो हाताने?” “हो, सगळं करतो.” “एकटा दुकानात जातो?” “जातो. पण पैसे मोजून घेत नाही, दुकानदार देईल ते आणतो.” “काही कामधंदा?” वहिनी थोड्या संकोचल्या. “मामाबरोबर जातो दुधाला.” बाई लिहीत राहिल्या.

एवढ्यात भाऊने पदर सोडला आणि टेबलावर हात ठेवले. “आता मी सांगतो,” तो म्हणाला, “तुम्ही म्हणा.”

बाईंनी पेन खाली ठेवलं.

“एक, अर्धा, दोन, एक, एक, दीड, अर्धा, तीन,” भाऊने सुरुवात केली, तीही बाईंसारखीच, सावकाश, एका सुरात. बाई म्हणाल्या, “एक, अर्धा, दोन, एक…” आणि थांबल्या. पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा दीडपाशी अडल्या. “कसले आकडे आहेत हे?” त्यांनी वहिनींना विचारलं.

“रतीब आहे हो आमच्या आळीचा. कोपऱ्यावरच्या घरापासून.”

भाऊ पुढे सांगतच होता. माझ्या घराचं माप आलं तेव्हा मी ओळखलं: अर्धा, आणि गुरुवारी एक, कारण गुरुवारी आमच्याकडे उपासाची खीर असते. त्यापुढची सतरा घरं तो एकही न चुकता म्हणत गेला.